चौकटींची आगगाडी

नेकनूरच्या पावसाची वही संगणकाला वाचायला दिली तर? स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठाने त्यासाठी ‘ऑरेंज’ नावाची मोफत आज्ञावली बनवली आहे. तिच्यात चौकटी एकमेकींना रेघेने जोडायच्या, जणू आगगाडीचे डबे! पहिली चौकट आकडे आणते, दुसरी हवा तो महिना निवडते, तिसरी आलेख काढते. महिना बदला, चित्रही आपोआप बदलतं, बरं का!

पण ६.६ मिलिमीटर लिहिताना टिंब विसरलं, तर होतील ६६. चोवीस तासांत ६५च्या वर म्हणजे अतिवृष्टी! रिमझिमीचा महापूर! दुष्काळ ठरवताना पावसाचे आकडे आधी पाहतात. आपल्या बीडला अशी चूक परवडेल का? म्हणून आलेखात एकटाच उंच ठिपका दिसला, की थांबा. वही उघडा, आकडा ताडून पाहा. संगणक चित्र काढेल. खरंखोटं मात्र तुम्हीच तपासायचं!