कडेने सोडावा

मराठीत 'कृती' हा शब्द दोन घरांत नांदतो. समीक्षेच्या घरी तो साहित्यकृती असतो आणि स्वयंपाकघरात पाककृती. पहिल्या घरातील कृतीवर आम्ही परिसंवाद भरवतो, शोधनिबंध लिहितो, परीक्षेत वीस गुणांचा प्रश्न घालतो. दुसऱ्या घरातील कृती मात्र गद्य आहे, हेच कोणी फारसे मनावर घेत नाही. आमचे म्हणणे असे की ते गद्य आहे, कठीण गद्य आहे, आणि ते बिघडले तर पदार्थ बिघडतो. समीक्षेच्या गद्याची अशी रोकडी परीक्षा क्वचितच होते. या म्हणण्याच्या पुष्ट्यर्थ आम्ही उदाहरण घेणार आहोत ते अगदी साध्या पेयाचे. घरी केलेल्या लिंबू-सोड्याचे.

लिंबू, साखर, मीठ आणि सोडा. चार जिन्नस. यात चुकण्यासारखे काय आहे, असे कोणासही वाटेल. तरीही पुण्याच्या उन्हाळ्यात घरोघरी जो लिंबू-सोडा पाहुण्यांपुढे येतो, तो बहुधा गोडसर आंबट पाणी असतो. सोड्याचा चटका आणि जिभेवरची तडतड स्वयंपाकघरातच संपलेली असते. जिन्नस तेच, प्रमाण तेच, मग चुकते काय? चुकते क्रियापद. आजच्या कृतीत शेवटचे वाक्य असते, 'सर्व साहित्य एकत्र करून छान मिक्स करा.' या एका वाक्यात सोडा मरतो.

का मरतो, हे समजून घ्यायला थोडे पदार्थविज्ञान लागते. सोडावॉटर म्हणजे दाबाखाली कार्बन डायॉक्साइड विरघळवलेले पाणी. जोसेफ प्रीस्टली याने 1767 मध्ये लीड्स येथे शेजारच्या मद्यभट्टीतील पिंपावर साचणाऱ्या वायूचा उपयोग करून असे पाणी सिद्ध केले आणि 1772 मध्ये त्याची रीत छापली. हा वायू पाण्यात नाइलाजाने राहतो. दाब काढला की त्याला बाहेर पडायचे असते, फक्त निमित्त हवे असते. ऊब हे पहिले निमित्त. नेहमीच्या हवेच्या दाबाला शून्य अंश तापमानाचे पाणी जेवढा वायू धरते, त्याच्या साधारण निम्माच वीस अंशांचे पाणी धरू शकते. दुसरे निमित्त म्हणजे कोरडा कण. साखरेच्या वा मिठाच्या कणाला सूक्ष्म हवा चिकटलेली असते आणि तिच्याभोवती बुडबुडे जमतात. तिसरे निमित्त म्हणजे ढवळणे. 'छान मिक्स करा' म्हणणारा तिन्ही निमित्ते एका दमात पुरवतो.

हातगाडीवरचा विक्रेता सोड्यात मीठ शेवटी टाकतो आणि फेस ग्लासाबाहेर उसळतो, तेव्हा आपण खूश होतो. वस्तुतः ती उसळी निघून जाणाऱ्या वायूची असते. रस्त्यावर ते शोभते, कारण तिथे ग्लास तत्क्षणी तोंडाला लागतो. घरी तो आधी ट्रेमध्ये मांडला जातो, दिवाणखान्यात जातो, 'आधी तुम्ही घ्या' असा आग्रह होतो, आणि मग प्यायला जातो. घरच्या कृतीला हा उशीर गृहीत धरावा लागतो.

मराठी घराला ही चूक का होते, याचे कारण आमच्या मते शहराच्या इतिहासात आहे. पेठांतल्या घराची उन्हाळी पेये म्हणजे पन्हे, कोकम, लिंबाचे सरबत. ही सारी स्थिर पाण्याची पेये. त्यांची क्रियापदे ठरलेली होती: गर कुस्करावा, गूळ विरघळवावा, गाळावे, ढवळावे. जितके ढवळावे तितके बरे. सोडा या घरातला नव्हता. 1817 नंतर इंग्रजी फौजेची छावणी वसली, तिच्या आधाराने कॅम्प वाढला, आणि सोडा तिथला. अर्देशिर इराणी यांचा सोड्याचा कारखाना कॅम्पात 1884 साली सुरू झाला. पुढे त्यांची रास्पबेरी आणि जिंजर इराणी हॉटेलांतून पुणेकरांच्या परिचयाची झाली. हायरम कॉड याने 1872 मध्ये पेटंट घेतलेली गोटीची बाटली हिंदुस्थानभर पसरली, तीही याच काळात. आतल्या वायूच्या दाबानेच गोटी रबरी कड्यावर घट्ट बसे आणि अंगठ्याने ती आत ढकलली की सोडा मोकळा होई. 1886 च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात सोडावॉटरसाठी हिंदुस्थानी बोलीतले नाव नोंदले आहे ते 'विलायती पाणी'.

विलायती पाणी पेठेतल्या माजघरात सहज येणे शक्य नव्हते. 1890 मध्ये गुरुवार पेठेतील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली, त्यांत टिळक आणि रानडेही होते. त्या एका पेल्यावरून ग्रामण्य झाले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. कोणाच्या हातचे पाणी, हा प्रश्न ज्या शहरात इतका ज्वलंत होता, तिथे परक्या कारखान्यातले पाणी बाहेर उभ्याने पिणे वेगळे आणि घरात त्याची कृती सिद्ध करणे वेगळे. कृती घरात रुजायला पिढ्या जाव्या लागतात. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 मध्ये निघाले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र' 1910 मध्ये, कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' 1970 मध्ये. या परंपरेत पुरणाची, चकलीच्या भाजणीची, पाकाच्या तारांची भाषा घासूनपुसून नेमकी झाली. एकतारी आणि दोनतारी पाक यांतला फरक ज्या भाषेने दोन शब्दांत पक्का केला, ती भाषा अप्रगत कशी म्हणावी? सोड्याला मात्र एवढा मुक्काम मिळाला नाही. तो आला तेव्हा शीतकपाटातून, मोठ्या प्लास्टिकच्या बाटलीतून आला, आणि आम्ही त्याला सरबताची क्रियापदे लावून मोकळे झालो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. 'मिक्स करा' मध्ये इंग्रजी आहे म्हणून तुम्हांला खुपते का? नाही. 'सोडा' शब्द कोठून आला? 'ग्लास' कोठून आला? परका शब्द आमच्या घरी येऊन नवी वस्तू आणीत असेल तर त्याचे स्वागत आहे. आमची तक्रार अशी की 'मिक्स करणे' काही आणत नाही, उलट नेते. कालवणे, ढवळणे, घुसळणे, फेटणे, घोटणे, खलणे, मुरवणे ही सात वेगळी कामे आहेत. भात कालवतात, ताक घुसळतात, अंडे फेटतात, भांग घोटतात, औषध खलतात. या साऱ्यांच्या जागी एकच क्रियापद आले की हाताला सूचना मिळत नाही, आणि सूचना न मिळालेला हात सवयीने ढवळतो.

'सोडा' या शब्दाचीच गंमत पाहा. मराठीत खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा आणि प्यायचा सोडा हे तिघे एका नावाने वावरतात. बाटली आणण्याचा कंटाळा म्हणून सरबतात खाण्याचा सोडा घालणारी घरे आम्ही पाहिली आहेत. फेस येतो, नाही असे नाही. पण तो फेस लिंबाच्या आम्लाचा बळी घेऊन येतो. अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा एका लिंबाचा आंबटपणा जवळपास संपवतो आणि मागे खारट, साबणासारखी चव ठेवतो. शब्द सैल असला की पेला बिघडतो, याचे याहून थेट उदाहरण आम्हांस सुचत नाही.

मग कृती कशी लिहावी? आमचा एक प्रयत्न येथे ठेवतो. समप्रमाणात साखर व पाणी उकळून पाक करावा व तो गार करावा. सोड्याची बाटली निदान चार तास शीतकपाटात ठेवावी. उंच ग्लासात एका लिंबाचा रस पिळावा. त्यात चिमूटभर शेंदेलोण व तितकीच भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून मीठ पुरते विरघळू द्यावे. दोन चमचे पाक घालून येथेच काय ते ढवळावे. बर्फाचे खडे गार पाण्यात बुचकळून मग ग्लासात घालावेत, म्हणजे त्यांचा कोरडा, खरखरीत पृष्ठभाग निवतो. आता ग्लास तिरका धरून दोनशे मिलिलिटर सोडा कडेने सोडावा. लांब चमचा तळाशी नेऊन एकदाच अलगद वर उचलावा. लगेच द्यावा.

या कृतीतील कळीचे क्रियापद शोधताना आम्ही बराच काळ अडलो होतो. 'ओतावा' म्हटले की हात उंचावतो. 'घालावा' म्हटले की काहीच ठरत नाही. मग आठवले थालीपीठ. तव्यावरच्या थालीपिठाला 'कडेने तेल सोडावे' असे प्रत्येक मराठी घर म्हणते. त्या 'सोडणे'त बारीक धार आहे, बाजू आहे, सावकाशी आहे आणि मधल्या वस्तूला धक्का न लावण्याची काळजी आहे. विलायती पाण्यासाठी लागणारे क्रियापद आमच्या तव्यावर पिढ्यान्‌पिढ्या तयारच होते. कॅम्प आणि पेठ यांतले अंतर त्याने एका शब्दात कापले.

म्हणून मराठीच्या अध्यापकांना आमची एक सूचना आहे. प्रथम वर्षाच्या वर्गात व्यावहारिक मराठीचा भाग म्हणून अर्ज, इतिवृत्त, जाहिरात शिकवली जाते. त्याच तासाला विद्यार्थ्यांना एक पाककृती लिहायला सांगावी, दुसऱ्याने ती वाचून पदार्थ करावा, आणि बिघडला तर दोष वाक्यात शोधावा. कोणते क्रियापद, कोणता क्रम, 'मग' आणि 'लगेच' यांत काय फरक, हे त्यांना पेल्यातच सापडेल. गद्य ही नेमकेपणाची कला आहे, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगतो. ते एकदा पिऊन पाहायला काय हरकत आहे?