इशारा मिळालेल्याची मान आधी तपासा

हात अचानक लुळा पडतो, बोलताना जीभ अडखळते किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखा अंधार होतो आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल. प्रत्यक्षात हा पक्षाघाताचा इशारा असू शकतो. मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या कॅरोटिड धमनीत चरबीचा थर साचला असेल, तर त्याचा कण सुटून मेंदूत अडकू शकतो. उत्तर अमेरिकेतील १९९१च्या गाजलेल्या चाचणीत असा इशारा मिळालेल्या किंवा सौम्य पक्षाघात झालेल्या आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद झालेल्या रुग्णांपैकी केवळ औषधांवर असलेल्या २६ टक्क्यांना दोन वर्षांत त्याच धमनीच्या बाजूच्या मेंदूत पक्षाघात झाला. शस्त्रक्रियेने थर काढलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हा लाभ इशाऱ्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असतो, पुढे झपाट्याने घटतो. म्हणून मानेच्या धमनीच्या डॉप्लर सोनोग्राफीवर पहिला हक्क या रुग्णांचा आहे.

उलट, कोणताही त्रास नसलेल्यांना आरोग्य तपासणीच्या पॅकेजमधून सरसकट डॉप्लर विकणे मला अयोग्य वाटते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही, मग बिघडते काय, असे विचारले जाते. बिघडते ते पुढे. निरोगी माणसांत गंभीर अरुंदपणा क्वचितच आढळतो, त्यामुळे खोट्या धोक्याच्या घंटा जास्त वाजतात. त्यातून होणाऱ्या शस्त्रक्रियेत किंवा स्टेंट घालतानाच काहींना पक्षाघात होतो. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०२१मध्येही अशी सरसकट तपासणी करू नये, असेच सांगितले. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रेस्ट-२ चाचणीत लक्षणे नसलेल्यांनाही स्टेंटचा फायदा दिसला, हा आक्षेप वजनदार आहे. पण ते रुग्ण आधीच ७० टक्के किंवा त्याहून अधिक अरुंदपणा असलेले होते आणि स्टेंट घालणारे हात पारखून निवडलेले होते. शिवाय केवळ औषधांवर असलेल्यांतही चार वर्षांत सुमारे ६ टक्क्यांनाच पक्षाघाताचा फटका बसला. निरोग्यांच्या रांगा लावाव्यात, असे त्यातून सिद्ध होत नाही.

रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवायला, तंबाखू, मशेरी, विडी सोडायला डॉप्लर लागत नाही. मात्र दहा मिनिटांत ओसरलेल्या लुळेपणाला 'आता बरे आहे ना' म्हणून घरी पाठवणे थांबले पाहिजे. तालुक्याच्या रुग्णालयातून असा रुग्ण त्याच दिवशी पुढे पाठवला जाईल आणि मानेची तपासणी तातडीने होईल, अशी व्यवस्था सरकारने उभारावी. पैसा तिथे खर्च झाला, तर अनेकांच्या अंगावरून वारे जाणे टळेल.