पोकळ नळीचा बाक

दौलताबादच्या किल्ल्यातील हत्ती हौद ३८ मीटर लांब, तितकाच रुंद आणि ६.६ मीटर खोल आहे. त्यात डोंगराकडून पाणी येत असे ते भाजक्या मातीच्या नळांतून. मातीचा नळ वाकत नाही. वळण घ्यायचे तर आखूड तुकडे जोडावे लागतात आणि प्रत्येक सांध्यावर गळतीची धास्ती राहते. धातूची नळी अखंड वाकते, हा तिचा मोठा गुण. मात्र गुडघ्यावर टेकवून जोर लावला, की ती नेमकी बाकावर चपटते आणि तेथे घडी पडते. घरातील वृद्धांसाठी पायऱ्यांना लावायच्या कठड्यात अशी घडी असेल, तर प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही. तोल जाताना माणूस ज्या आधारावर विसंबतो तो तेथेच दगा देतो.

वाकताना नळीची बाहेरची बाजू ताणली जाते, आतली आवळली जाते. पोकळीत आधार नसल्याने दोन्ही बाजू एकमेकींकडे सरकतात. गोलाकार लंबगोल झाला, की ताकद झपाट्याने घटते आणि नळी एकाएकी दुमडते. म्हणून पोकळी भरावी. बारीक चाळलेली वाळू कढईत पूर्ण कोरडी होईपर्यंत भाजून गार करावी. एक तोंड लाकडी खुंटीने बंद करून वाळू थोडी थोडी ओतावी आणि ती खाली बसणे थांबेपर्यंत नळी ठोकत राहावे. मग दुसरे तोंडही घट्ट बंद करावे. बहुतेकांची घाई येथेच होते. दोष मात्र नळीला मिळतो. ओलसर वाळू भरलेली नळी तापवणे जिवावर बेतू शकते, कारण कोंडलेली वाफ खुंटी गोळीसारखी उडवते.

बाकासाठी जाड लाकडाचा गोलाईदार साचा करावा. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीला, तिच्या मध्यरेषेपर्यंत मोजून, किमान ७५ मिलिमीटर त्रिज्या द्यावी. हातानेच काम करायचे असेल तर १०० बरी. लोखंडी नळीवरची वेल्डिंगची शिवण बाकाच्या आत वा बाहेर न ठेवता कडेला ठेवावी, तेथे ताण सर्वांत कमी असतो. सोडल्यावर नळी थोडी उघडते, तेव्हा हव्या कोनापेक्षा किंचित अधिक वाकवावी.

तांब्याची रीत निराळी. ठोकून कडक झालेले भांडे तांबट पुन्हा तापवून मऊ करतो, तशीच कडक नळीही मंद लाल होईतो तापवून गार होऊ द्यावी. एसीच्या बारीक नळीला फिटरची स्प्रिंग पुरते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र तापवू नये. त्याच्या धुराने थंडीताप भरतो. जाड स्टेनलेस स्टील सरळ वर्कशॉपमध्ये न्यावे आणि स्वयंपाकाच्या गॅसच्या नळीवर तर हात चालवूच नये.

पाइप सहसा ६ मीटर लांबीचा मिळतो. आधी टाकाऊ तुकड्यावर बाक काढून पाहावा. हा खर्च हिशेबात धरलेला बरा. घडी पडलेली नळी ठोकून सरळ करून कठड्यातच बसवण्याची काटकसर व्यापारी घरात हमखास सुचते. ती करू नये. तेवढा भाग कापून काढावा. उरलेल्या लांबीत टॉवेलची दांडी सहज निघते.