वहीत किती टक्के मावतात?

किंडलवर एखादं पुस्तक खुणा करत वाचलं आणि त्या खुणांची फाइल उघडली, की कधीकधी मजकूर मध्येच थांबतो. त्या जागी यंत्राचा निरोप असतो : या पुस्तकातून उतारे घेण्याची मर्यादा संपली. ही मर्यादा प्रकाशक ठरवतो, बहुधा पुस्तकाच्या दहा टक्क्यांच्या आसपास. पुस्तक जितकं चांगलं तितकी ती लवकर संपते. टुकार पुस्तकाला ही अडचण कधी येत नाही.

आपल्या कायद्यात मात्र टक्के नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ५२ वं कलम सांगतं, की खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, त्यात संशोधनही आलं, रास्त प्रमाणात घेतलेला मजकूर हा हक्कभंग नव्हे. रास्त म्हणजे किती, ते त्या त्या प्रकरणात ठरवायचं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्सच्या दुकानावर परदेशी प्रकाशकांनी दावा लावला, तो मामला अभ्यासक्रमाचा, पोटकलमही वेगळं. पण २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तिथेही पानं मोजण्यापेक्षा हेतू पाहिला. मला हे शहाणपणाचं वाटतं. गोम आहे ती २०१२ च्या दुरुस्तीत. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. स्वतःच्या टिपणासाठी तोडणाऱ्याचा तो हेतू नसतो, हे खरं. पण ते कोर्टात सांगत बसायची हौस कुणाला? परवानगी आपल्याकडे, किल्ली प्रकाशकाकडे.

मराठी वाचकाला आणखी एक कुलूप लागतं. जुन्या डीटीपीच्या पीडीएफमधून परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांची खिचडी हाती येते. त्या काळच्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. पडद्यावर मराठी, पोटात भलतंच. युनिकोडचं पीडीएफ असलं तरी पहिली वेलांटी आणि रफार कधी जागा सोडून पळतात. हे कुलूप कुणी मुद्दाम लावलेलं नाही, त्यामुळे भांडायचं तरी कुणाशी?

हक्काचं कुलूप नसलेल्या जुन्या ग्रंथाचीही गत वेगळी नाही. आमच्या चौल-रेवदंड्याचा इतिहास धुंडाळणाऱ्याला १८८३ चं कुलाबा-जंजिरा गॅझेटियर चुकत नाही. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा ११ वा खंड. त्यावर आता कुणाचाच हक्क नाही, स्कॅन फुकट मिळतं. पूर्वी तेवढ्यासाठी मुंबईचं ग्रंथालय गाठावं लागे. आता खंड घरीच उघडतो. पण स्वरांवर चिन्हं दिलेली गावांची नावं यंत्राला नीट वाचता येत नाहीत. कॉपी केलेल्या मजकुरात आपलंच गाव ओळखू येत नाही. मी शेवटी वही घेतो आणि हाताने उतरवतो.

हाताला टक्के मोजता येत नाहीत, ही त्यातली सोय. आणि हाताने उतरवण्याची रीत जुनीच. चौल-रेवदंड्याच्याच जिल्ह्यात, पण किनाऱ्यापासून आत, महाडकडच्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असं परंपरा मानते. त्यातल्या १९ व्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे : अक्षर कसं असावं, ओळी कशा, समास किती सोडावा, शाई-कागद कसा. नकला करूनच ग्रंथ टिकत होते, तेव्हाची ही व्यवहारी सूचना आहे.

अर्थात हे सगळं वहीपुरतं. अख्खं पुस्तक पीडीएफ करून ‘पुढे पाठवा’ म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती बहुधा हजार-अकराशे प्रतींची. व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १,०२४ माणसं मावतात. असं पीडीएफ आलं की मी पाठवणाऱ्याला प्रकाशकाचं नाव विचारतो. बहुतेकांना ते सांगता येत नाही. स्कॅन करताना नेमकं तेच पान गाळलेलं असतं.