गुळवेलीची गिलोय

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याचे सोहळे अद्याप ओसरलेले नाहीत. पाऊस, निवडणुका आणि महागाई यांचा हिशोब वृत्तपत्रांनी मांडलेलाच आहे. या गदारोळात एक सल मात्र वर्षभर टोचत राहिला: कुंपणावर चढणारी गुळवेल बाटलीत शिरताच गिलोय होते, शेवग्याचा पाला पुडीत बांधला की मोरिंगा ठरतो, आणि अभिजात भाषेचा अभिमानी ग्राहकही दुकानात तीच नावे उच्चारतो.

वनस्पतींची लोकनावे, म्हणजे वापरणाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या रुळवलेली नावे, पाहणाऱ्याच्या नजरेतून घडतात. मुरुडशेंग ही पीळ पडलेली शेंग पोटातील मुरड्यावर उगाळून देतात, त्यामुळे तिच्या नावात रूप आणि उपयोग दोन्ही सामावतात. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेल्या, म्हणून प्राचीन संहितांत सापडणे शक्यच नसलेल्या एका तणालाही येथील माणसांनी त्याच्या उंच, एकट्या देठावरून एकदांडी म्हटले, त्याच्या पाल्याचा रस जखमेवर लावला आणि कंबरमोडी, दगडीपाला अशी आणखी नावेही दिली. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडे यांनी मलबारच्या वनस्पतींवर सिद्ध केलेल्या, १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून निघालेल्या १२ खंडांच्या 'होर्टुस मलबारिकुस' या ग्रंथात कोकणी नावे नागरी लिपीत छापलेली आहेत. परक्या सत्ताधीशाला जी गरज कळली, ती स्वकीय व्यापाऱ्याला कळू नये!

लोकनावे संदिग्ध असतात हा आक्षेप खोटा नाही, कारण ब्राह्मी या एकाच नावाने नीरब्राह्मी आणि मंडूकपर्णी या दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. परंतु बाजारू नावाने हा गोंधळ मिटत नाही. २०२१मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदवले, तेव्हा वनस्पतीची ओळखच निश्चित केलेली नाही असे सांगून आयुष मंत्रालयाने तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीकडे बोट दाखवले. वेष्टनावर शास्त्रीय नाव आणि मराठी नाव शेजारीशेजारी छापण्याची सक्ती व्हावी, असे या अंकाचे स्पष्ट मत आहे.

नरकचतुर्दशीच्या उटण्यातील नागरमोथा, वाळा, कचोरा आणि आंबेहळद यांच्या जागी पुडीवर आता बहुधा 'निवडक वनौषधी' एवढेच असते. स्नानाच्या वेळी डोक्यावरून फिरवायचा आघाडा आणि पायाखाली फोडायचे कारीट नव्या पिढीला ओळखताही येत नाही. वाचकांनी आपल्या परिसरातील औषधी वनस्पतींची नावे, गाव, तालुका आणि वापरासह, संपादकीय कार्यालयाकडे लिहून पाठवावीत. पुढील अंकात ती छापली जातील.