स्टेंट बसला, डॉप्लर सुटली नाही

यकृताला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल शिरेतून मिळते. पण प्रत्यारोपित यकृतातल्या पित्तनलिका जगतात त्या केवळ धमनीच्या रक्तावर. जोडाजवळ ही धमनी अरुंद झाली, तरी सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. कळते ते डॉप्लर सोनोग्राफीत. वेळीच कळले तर जांघेतून नळी घालून स्टेंट बसवता येतो. धमनी पूर्ण बंद पडली, तर पुन्हा प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते. दुसरे यकृत आणायचे कुठून? स्टेंटमध्येही धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते, म्हणून गोळ्या आणि डॉप्लर चालूच ठेवाव्या लागतात. गावी परतलेला रुग्ण मात्र ‘बरं वाटतंय’ म्हणत तपासणी टाळतो. दोष त्याचा कमी. प्रत्येक खेपेला मोठे शहर गाठायचे, तर मजुरी बुडते. ही डॉप्लर जिल्हा रुग्णालयातच, जाणकार हातांनी आणि मोफत व्हायला हवी.