मुंबई सिटीचा हंगाम, आणि आपली १० लाख ७२ हजार माणसं

येत्या १४ फेब्रुवारीपासून इंडियन सुपर लीग सुरू होतेय. आपल्याकडे फुटबॉल बघणारे पोट्टे कमी नाहीत. मँचेस्टरचा अकरावा खेळाडू कोण ते चंद्रपूरच्या कुठल्याही चहाटपरीवर सांगतील. पण महाराष्ट्राचा या लीगमधला एकुलता एक क्लब मुंबई सिटी यंदा कुठल्या अवस्थेत उतरतोय, हे विचारलं तर शांतता. म्हणून लिहितोय. थोडं लांबलंय, पण शेवटी गाडी आपल्या जिल्ह्यांवरच येणार आहे, तेव्हा पूर्ण वाचा.

आधी लीगचंच बघा. एरवी सप्टेंबरात सुरू होणारी स्पर्धा फेब्रुवारीत का? तर ती चालवणारी कंपनी आणि फुटबॉल महासंघ यांच्यातला पंधरा वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता आणि पुढे काय, ते कोणीच ठरवलं नव्हतं. जुलैमध्ये लीग थांबली. नोव्हेंबरात निविदा उघडली, तर बोली लावायला एकही जण नाही. शेवटी ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी लीग होणार असं जाहीर केलं. १४ क्लब, ९१ सामने, म्हणजे प्रत्येकाशी एकदाच गाठ. एरवीच्या निम्मा हंगाम.

या गोंधळात मुंबई सिटीला वेगळाच फटका बसला. मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, म्हणजे सिटी फुटबॉल ग्रुपने, २०१९ मध्ये या क्लबात ६५ टक्के वाटा घेतला होता. त्यांच्या काळात क्लबने सोनं लुटलं. २०२०-२१ ला लीग शिल्ड आणि चषक दोन्ही, २०२२-२३ ला पुन्हा शिल्ड, २०२३-२४ ला कोलकात्यात जाऊन मोहन बागानला ३-१ ने हरवून चषक. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय क्लब हाच. आणि गेल्या २६ डिसेंबरला त्याच मालकांनी जाहीर केलं, आम्ही निघालो. भारतातल्या लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, हे कारण. धंद्याच्या हिशेबाने त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या क्लबची तिजोरी अबुधाबीत होती, त्याला आता आपल्या पायावर उभं राहायचं आहे.

महाराष्ट्राला हे नवं नाही. महिंद्रा युनायटेड देशाची लीग जिंकून चार वर्षांत, २०१० ला, बंद. पुणे एफसी २०१५ ला. मुंबई एफसी आणि पुण्याचा डीएसके शिवाजियन्स २०१७ ला. एफसी पुणे सिटी २०१९ ला. मालकाचं मन बदललं की क्लबला कुलूप. टिकलं ते कोल्हापूर. तिथल्या पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल या तालमींचे संघ कुठल्या कंपनीचे नाहीत, पेठेचे आहेत. पेठ काही विकून टाकता येत नाही.

असो. यंदा मुंबईचं काय होणार? माझं मत विचाराल तर पहिल्या चारात येण्याची ताकद आहे, जेतेपदाबद्दल शंका आहे. २०२४-२५ ला संघ सहावा आला आणि बाद फेरीत बंगळुरूकडून ५-० असा बेदम मार खाल्ला. त्यानंतर बचावातला मेहताब सिंग मोहन बागानला गेला, बिपिन सिंग ईस्ट बंगालला. परवाच्या डिसेंबरात सुपर कपच्या उपांत्य फेरीत गोव्याने बाहेर काढलं, पण तिथे संघ गेल्या मार्चपेक्षा बरा दिसला. प्रशिक्षक पीटर क्रात्की जुनेच आहेत, ही जमेची बाजू. परदेशी खेळाडूंवर मात्र यंदा कोणत्याच क्लबने फार विसंबू नये. महिनोन्‌महिने बिनकामाचं कोण बसून राहील? केरळचा कर्णधार लुना इंडोनेशियाला निघून गेला, यात सगळं आलं.

तेरा सामन्यांच्या धावपळीच्या हंगामात भारतीय खेळाडूच तारतील. मुंबईकडे तसे तिघे-चौघे आहेत. गोव्याचा ब्रँडन फर्नांडिस मधल्या फळीतून असा पास काढतो की बघणाऱ्यालाही जागा नंतर दिसते. त्याचं शरीर साथ देईल का, एवढाच प्रश्न. गोलात सिक्कीमचा फुर्बा लाचेन्पा. डावीकडे आकाश मिश्रा. आणि सगळ्यांत महत्त्वाचा कर्णधार लालियानझुआला छांगटे. उजव्या बाजूने सुटला की बचावपटूची चड्डी आवळायची वेळ येते. २०२३-२४ च्या लीगमध्ये १० गोल, आणि लागोपाठ दोन वर्षं देशाचा सर्वोत्तम खेळाडू. छांगटे तंदुरुस्त असेल तर मुंबई कोणालाही हरवेल. तो नसेल तर मला भरवसा नाही.

आता हा छांगटे कुठला? मिझोरामच्या लुंगलेईचा. डोंगर, बांबू, जंगल आणि पावसात खचणारे रस्ते असलेला तो मुलूख. इथेच मला थांबायचं आहे. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या मिझोराम राज्याची लोकसंख्या १० लाख ९७ हजार. आपल्या एकट्या गडचिरोली जिल्ह्याची १० लाख ७२ हजार. चंद्रपूर तर २२ लाखांचं. जंगल तिथेही, इथेही. आदिवासी तिथेही, इथेही. बंदुकीचा काळ त्यांनीही भोगला, आपणही. आणि फुर्बाचं सिक्कीम? सहा लाख फक्त, म्हणजे गडचिरोलीपेक्षाही लहान.

मिझोरामने २०१४ ला संतोष ट्रॉफी जिंकली. २०१७ ला ऐझॉल एफसीने देशाची आय-लीग जिंकली. त्यांचा प्रशिक्षक खालिद जमील, जो त्याआधी अनेक वर्षं मुंबई एफसीकडे होता आणि आज भारताचा प्रशिक्षक आहे. गंमत बघा, त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेली आणि बंद पडली. कोटींच्या मुंबईला एक क्लब जगवता आला नाही, दहा लाखांच्या मिझोरामने देश जिंकला.

कशामुळे? ‘त्यांच्या रक्तातच आहे’ असं आपल्याकडे लगेच म्हणतात. हे आळशी उत्तर आहे. मिझोरामने २०१२ ला स्वतःची प्रीमियर लीग सुरू केली, ती स्थानिक टीव्हीवर दाखवली, आणि गावागावांत चर्चच्या नाहीतर तरुण मंडळाच्या मैदानावर वर्षभर सामने होत राहिले. पोराला दर आठवड्याला सामना मिळाला. बस्स, एवढंच.

आपल्या पोरांच्या अंगात दम नाही असं तर कोणी म्हणू नये. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर उभे राहिले. तेव्हा आपण सगळ्यांनी बातम्या केल्या, मीही केल्या. पण ती एक मोहीम होती. शिखर झालं, सत्कार झाले, विषय संपला.

मला भीती आहे ती फुटबॉलचंही तसंच होण्याची. गेल्या १४ डिसेंबरला वानखेडेवर मेस्सी आला. त्याच्या हस्ते राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पाचा गाजावाजा झाला. १३ वर्षांखालची ३० मुलं आणि ३० मुली राज्यभरातून निवडून त्यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. योजना चांगली आहे, नावं ठेवायचं कारण नाही. पण साठ म्हणजे किती? जिल्हे ३६. एका जिल्ह्याच्या वाट्याला दोन पोरंही पुरती येत नाहीत. आणि निवड चाचणीत भामरागडचं पोरगं उतरणार कोणापुढे? आठवडाभर बूट घालून टर्फवर खेळणाऱ्या पुण्या-मुंबईच्या पोरांपुढे. ज्याने रेफ्रीची शिट्टी असलेला सामना आयुष्यात पाहिला नाही, त्याची गुणवत्ता एका चाचणीत कशी दिसणार? चाचणी ही गाळणी आहे. वर ओतायलाच काही नसेल तर गाळणी काय करेल?

मला कोणी म्हणेल, भाऊ, लीग चालवायला पैसा लागतो. लागतो ना. पण हंगाम कसा चालवायचा हे झाडीपट्टीला कोणी शिकवायचं? दिवाळीपासून होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरतात. धान निघालेल्या बांधीत मंच उभा राहतो, लोक तिकीट काढून रात्रभर थंडीत बसतात. मंडई, शंकरपट, नाटक, सगळं गावाच्या मंडळाच्या हिमतीवर. जिथे रात्री नाटक, तिथेच दुपारी फुटबॉलचा सामना का नको? तोच मंडप, तीच गर्दी. शेजारच्या गावाचा संघ हरवायला आलाय म्हटलं की माणसं जागची उठतील. वडसा, आरमोरी, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, नागभीड... आठ गावांचे आठ संघ, प्रत्येकाशी दोनदा म्हणजे चौदा सामने. दर रविवारी एक. मुंबई सिटीच्या यंदाच्या हंगामापेक्षा एक सामना जास्तच होतो.

मैदानं आहेत. बल्लारपूरजवळ विसापूरला २०२३ च्या डिसेंबरात राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धा झाल्या, तेवढं मोठं संकुल आपल्याकडे आहे. चेंडू, गोलपोस्ट, रेफ्रीचं मानधन आणि पोरांची एसटी, याला खनिज निधी असलेल्या जिल्ह्यात पैसे नाहीत हे मी तरी मानणार नाही. ज्या गाड्या रोज आपल्या रस्त्यांवरून कोळसा आणि लोखंडाचा दगड घेऊन जातात, त्यांच्या धुळीतच ही पोरं धावतात.

आणि विचारायचं कोणाला, हेही यावेळी सोपं आहे. गडचिरोलीचे पालकमंत्री खुद्द मुख्यमंत्री आहेत, वानखेडेवर मेस्सीच्या शेजारी उभे होते ते. चंद्रपूरचे पालकमंत्री अशोक उईके यांच्याकडेच आदिवासी विकास खातं, म्हणजे सगळ्या सरकारी आश्रमशाळा. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत दोघांनाही एकच प्रश्न मी विचारणार आहे: साठ पोरांची निवड झाली, बाकीच्यांना दर रविवारी सामना कधीपासून?